मॉलीच्या अंगावर पांढरे ठिपके: औषध बदलू की पाणी?

खळाळ (धागाकर्ती)

नमस्कार. माझ्याकडे ६० × ३५ × ३८ सेंटिमीटर मापाची काचेची टाकी असून ती सुरू करून जेमतेम तीन आठवडे झाले आहेत. टाकीत सहा मॉली, आठ निऑन टेट्रा, चार कोरिडोरास आणि एक गुरामी असे मासे होते. त्यांपैकी निऑन नऊ दिवसांपूर्वी आणले आणि पिशवीतून थेट टाकीत सोडले.

पाच दिवसांपूर्वी सकाळी दिवा लावला, तेव्हा मॉली पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करत होत्या आणि त्यांचे पर अंगाशी मिटलेले होते. मला वाटले की बुरशी असावी, म्हणून मिथिलिन ब्लूचे थेंब टाकले आणि दोन मुठी खडेमीठ घातले. दुसऱ्या दिवशी फरक दिसला नाही, तेव्हा कोणीतरी सांगितल्यावरून टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाची कॅप्सूल उघडून पाण्यात मिसळली. पाणी तांबूस झाले, वर फेस आला. घाण फिल्टरमध्ये अडकली असेल या समजुतीने मी फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला. त्यानंतरच्या दोन दिवसांत दोन मॉली मेल्या. आता एका मॉलीच्या व दोन निऑनच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसत आहेत, आणखी एका मॉलीचे ओठ पांढुरके झाले आहेत आणि गुरामीही अधूनमधून वर येऊन हवा घेते. यावर नेमके कोणते औषध द्यावे, हे कृपया सांगावे. मासे डोळ्यांदेखत मरत असताना काही न करता बसणे मला शक्य होत नाही.

जुनी टाकी

आपली घालमेल समजते, पण आज कोणतेही औषध टाकू नका. चार दिवसांत पाण्यात तीन पदार्थ गेले आहेत आणि त्यांतला कोणता कशासाठी होता, हे ठरलेलेच नव्हते. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड हलवतो आहे एवढ्यावरून रोग ओळखता येत नाही, कारण प्राणवायू कमी पडला, अमोनियाने कल्ले भाजले, नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती गेली किंवा कल्ल्यांत परजीवी शिरले, तरी मासा तेच करतो. या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टींना औषध नसते, त्यांना पाणी लागते.

गुरामीची चिंता सोडा. तिला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे वेगळे इंद्रिय असते, त्यामुळे ती निरोगी असतानाही वर येते. कोरिडोरासही मधूनच झेप घेऊन हवा गिळतात. मॉलीने आणि निऑनने मात्र असे करणे म्हणजे धोक्याची सूचना आहे.

आता पुढील माहिती द्यावी: पाण्याचा पीएच, अमोनिया, नायट्राइट, तापमान, नळाच्या पाण्याचा पीएच, आणि टाकी भरण्यापूर्वी पाण्यातील क्लोरिन कसे काढले होते. चाचणीसाठी पट्ट्यांऐवजी थेंबांचे किट मिळाले तर अधिक भरवसा ठेवता येईल. तोवर हवेचा पंप पूर्ण क्षमतेने चालू ठेवा आणि खाणे दोन दिवस पूर्ण बंद करा. प्रौढ मासा दोन दिवस उपाशी राहिल्याने काही बिघडत नाही. उलट आपण टाकलेला प्रत्येक घास शेवटी अमोनियाच होतो.

खळाळ (धागाकर्ती)

थेंबांचे किट आणून चाचणी केली. पीएच ७.८, अमोनिया साधारण २ पीपीएम (दशलक्ष भागांत २ भाग), नायट्राइट १ पीपीएम आणि तापमान २५ अंश. नळाच्या पाण्याचा पीएच ७.६ आहे. क्लोरिनसाठी पाणी एक रात्र बादलीत ठेवते. फिल्टरचा स्पंज धुण्यापूर्वी पाण्याचा असा वास येत नव्हता, हे आता लक्षात येते.

जुनी टाकी

मग पहिल्या दोन मॉली कशाने गेल्या, याचे उत्तर बहुतांशी आपल्या हातात आले आहे.

किटवर दिसतो तो एकूण अमोनिया असतो. त्याचा मोठा भाग अमोनियम या तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो आणि थोडा भाग खऱ्या विषारी अमोनियाच्या रूपात. हे प्रमाण पीएच व तापमानावर ठरते. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग शेकड्याला अर्धा-पाऊण टक्काच असतो, पीएच ८ ला तो ५ टक्क्यांच्या पुढे जातो आणि पीएच ९ ला तिसऱ्या हिश्शाहून अधिक होतो. आपल्या ७.८ पीएचला तो सुमारे ३.४ टक्के धरला, तर २ पीपीएममधील विषारी अमोनिया ०.०७ पीपीएमच्या आसपास येतो. कल्ल्यांना इजा होण्यास एवढा पुरेसा आहे.

नायट्राइटची तऱ्हा निराळी आहे. तो कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनला निकामी करतो. रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. आपण घातलेल्या मिठाने इथे नकळत थोडे भले केले असेल, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांच्या दाराशीच अडवते. त्यासाठी मुठी लागत नाहीत. लिटरला ०.१ ग्रॅम मीठ, म्हणजे आपल्या टाकीला सात-आठ ग्रॅम, नायट्राइटपुरते पुरते.

आज ५० टक्के पाणी बदला, उद्या पुन्हा ५० टक्के. दोन वेळा अर्धे बदलले की २ पीपीएमचे ०.५ राहते, शिवाय तांबूस पाणी आणि औषधांचे अवशेषही त्याच हिशेबाने उतरतात. नवे पाणी टाकीच्याच तापमानाचे असावे आणि ते हळूहळू सोडावे. सायफनची नळी खडीत खुपसून तळातील घाण ओढून घ्या.

फिल्टरविषयी एक गोष्ट मनापासून सांगतो. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू मुख्यतः त्या स्पंजवर वस्तीला असतात आणि ती वस्ती नीट बसायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तीन आठवड्यांची अर्धवट वस्ती नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याने आणि वर प्रतिजैविकाने मोडली. स्पंज यापुढे टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, तोही पाण्याचा प्रवाह मंदावला तरच.

पाणवनस्पती

वरील सल्ल्याशी सहमत आहे, फक्त दोन गोष्टींची भर घालते.

पहिली गोष्ट म्हणजे ५० टक्के पाणी बदलण्याचा सल्ला या टाकीला योग्य आहे, कारण नळाचा पीएच टाकीपेक्षा कमी आहे. हा धागा वाचून दुसऱ्या कोणी तेच करण्यापूर्वी स्वतःचे दोन्ही पीएच मोजावेत. महिनोन्महिने पाणी न बदललेल्या जुन्या टाकीत पीएच ६ च्या आसपास घसरलेला असतो आणि तिथे साचलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात निमूट पडून असतो. अशा टाकीत ८ पीएचचे पाणी एकदम ओतले, तर तोच अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो, आणि माणसाला वाटते की स्वच्छ पाण्याने मासे मारले. तिथे रोज १० ते १५ टक्के एवढेच बदलावे.

दुसरी गोष्ट क्लोरिनची. उघड्या बादलीत एक रात्र ठेवल्याने क्लोरिन बहुतेक उडून जाते, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरिन व अमोनिया यांचे संयुग, असते आणि ते असे उडत नाही. सोडियम थायोसल्फेट घातल्यास क्लोरामाइनमधील क्लोरिन नाहीसे होते, परंतु त्यातून अमोनिया मोकळा होतो. म्हणून नळाच्या शुद्ध केलेल्या पाण्याचीही एकदा अमोनियाची चाचणी करून पाहा.

एखाद्या स्नेह्याकडे वर्षभर जुनी, रोग नसलेली टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून आपल्या फिल्टरमध्ये बसवावा. जिवाणूंची वस्ती पुन्हा उभी करण्याचा याहून जलद मार्ग मला माहीत नाही. शिवाय हॉर्नवर्टसारखी भराभर वाढणारी वनस्पती अमोनियम थेट शोषून घेते. टाकीत हिरवे काहीच दिसत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटले.

भिंग

पाण्याचे निदान पटले, पण ठिपके पाण्याने होत नाहीत. ते स्वतंत्रपणे पाहिले पाहिजेत, कारण पांढऱ्या रंगाखाली निदान चार निरनिराळी दुखणी लपतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला मारक ठरू शकते.

खोलीतला दिवा मालवून, टाकीला बाजूने विजेरी लावून पाहा. सुटे, गोल, थोडे उंचवटलेले, रव्याच्या कणाएवढे ठिपके असतील आणि त्यांचा आकार साधारण सारखाच असेल, तर तो ‘इक’ म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. ठिपके त्याहून कितीतरी बारीक, पिवळसर-सोनेरी भुकटी शिंपडल्यासारखे असतील आणि ते विजेरीच्या तिरक्या उजेडातच चमकत असतील, तर तो वेल्वेट नावाचा दुसरा रोग. कापसाच्या पुंजक्यासारखे, लांब तंतू पाण्यात हलणारे दिसले आणि ते जखमेच्या जागी असले, तर खरी बुरशी. करडा-पांढरा, चपटा चट्टा, कडेला पिवळट छटा, ओठांवर किंवा पाठीवर खोगिरासारखा पसरलेला, असे दिसले तर ते बुरशीसारखे दिसणारे जिवाणूंचे दुखणे, कोलमनॅरिस. आणि हे आपल्या टाकीला लागू नाही, पण गोल्डफिश पाळणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो: नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेवर विणीच्या काळात पांढरे दाणे येतात. तो रोगच नव्हे. त्या दाण्यांसाठी आठवडाभर औषध खाल्लेले मासे मी पाहिले आहेत.

आपल्या वर्णनातली ओठ पांढुरके झालेली मॉली मला ठिपक्यांच्या मॉलीपेक्षा अधिक काळजीची वाटते. तिच्याविषयी नीट पाहून लिहावे.

खळाळ (धागाकर्ती)

काल आणि आज मिळून दोनदा अर्धे पाणी बदलले. अमोनिया ०.५ वर आला आहे, नायट्राइट ०.२५ च्या आसपास आहे आणि उरलेल्या मॉली पृष्ठभागावरून खाली उतरल्या आहेत. एका स्नेह्याकडून जुन्या स्पंजाचा तुकडाही मिळाला.

विजेरी लावून पाहिले. निऑनच्या अंगावर आणि परांवर सुटे, गोल, पांढरेशुभ्र ठिपके आहेत. एकावर सात मोजले. सोनेरी झाक कुठेही नाही. मासे मधूनच खडीला अंग घासतात. मॉलीच्या ओठांवर मात्र ठिपका नाही, तर करडी साय धरल्यासारखे दिसते आणि वरच्या ओठाची कड झिजल्यासारखी वाटते. काल रात्रीपेक्षा आज ते वाढले आहे. ठिपक्यांसाठी पाण्याचे तापमान ३० अंशांपर्यंत न्यावे, असे सर्वत्र वाचले. हीटर वाढवू का?

भिंग

थांबा, हीटर वाढवू नका. एका रात्रीत वाढलेली करडी साय आणि झिजलेला ओठ हे कोलमनॅरिसचे लक्षण आहे, आणि हा जिवाणू उष्ण पाण्यात अधिक वेगाने पसरतो. इकसाठी ऊब द्यायची आणि तिनेच दुसरे दुखणे भडकवायचे, असे इथे होऊ शकते. त्या मॉलीला आधी वेगळे करा. दहा-पंधरा लिटरचा स्वच्छ प्लॅस्टिकचा टब, हवेचा दगड (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा), २४-२५ अंश तापमान, लिटरला २ ग्रॅम मीठ आणि रोज निम्मे पाणी बदल, एवढ्यावर सुरुवात करा. प्रतिजैविक द्यायचेच असेल तर ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, त्या टबमध्येच आणि सांगितलेले सर्व दिवस द्यावे. मोठ्या टाकीत एक कॅप्सूल एकदाच टाकण्याने रोग हटत नाही, जिवाणू मात्र त्या औषधाला सरावतात. टेट्रासायक्लिन तर जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी बांधले जाते आणि उजेडात विघटित होते. आपल्या टाकीतला तांबूस रंग त्याचाच होता.

जुनी टाकी

इथे मी अंशतः असहमत आहे. मॉली बाहेर काढल्यावर मुख्य टाकीत तापमान थोडे वाढवण्यास हरकत नसावी, असे मला वाटते. इकचे चक्र २५ अंशांना आठवडाभर रेंगाळते, २८ ला ते लवकर पुरे होते. जितके लवकर परजीवी माशावरून उतरतील, तितके लवकर औषधाच्या कक्षेत येतील. पाणी थंड ठेवले तर उपचार लांबतात आणि त्यात दुबळे निऑन टिकत नाहीत.

भिंग

आपला मुद्दा मान्य आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. दोन दिवस वाट पाहून आणखी कोणाच्या अंगावर करडा चट्टा आला नाही, हे निश्चित झाल्यावर २८ पर्यंत जावे. ३० पर्यंत नको. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमध्ये जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, ३० ला ७.६. हा फरक निरोगी माशाला जाणवत नाही, पण अमोनियाने भाजलेल्या कल्ल्यांना तो जाणवतो. शिवाय निऑन आणि कोरिडोरास हे मुळात थोड्या थंड पाण्यातले मासे आहेत.

जुनी टाकी

हे पटले. दोन दिवस थांबू या.

खळाळ (धागाकर्ती)

ओठांची मॉली आज पहाटे टबमध्येच मेली. वेगळी काढल्यापासून तिने हालचाल जवळपास केलीच नाही. इतर कोणाच्या अंगावर करडा चट्टा नाही. एक निऑनही आत्ताच, माझ्यासमोर मेला. घरात मुलीचे शाळेचे सूक्ष्मदर्शक यंत्र आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

भिंग

मॉलीविषयी वाईट वाटले. निऑनच्या बाबतीत मात्र लगेच एक काम करा, कारण मासा मेल्यावर परजीवी थोड्याच वेळात त्याला सोडून जातात आणि मग काचेखाली काहीच दिसत नाही.

हातमोजे घाला. हा केवळ शिष्टाचार नव्हे. माशांच्या क्षयाचा एक जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मॅरिनम, माणसाच्या हातावरील लहानशा जखमेतून शिरून महिनोन्महिने न भरणारी गाठ करू शकतो. मग काचपट्टीच्या कडेने माशाच्या अंगावरचा ठिपका डोक्याकडून शेपटीकडे हलकेच खरवडून घ्या, टाकीच्या पाण्याचा एक थेंब टाका, वर पातळ काच ठेवा आणि आधी ४० पट, मग १०० पट मोठे करून पाहा. इक असेल तर गोल, गडद, सर्वांगावर बारीक केस असलेला आणि संथपणे स्वतःभोवती फिरणारा जीव दिसेल. मोठ्या जीवात घोड्याच्या नालेसारखे वळलेले केंद्रक दिसले, तर निदानाबाबत शंका उरत नाही.

खळाळ (धागाकर्ती)

दिसला! मुलीने आधी पाहिला. अगदी आपण वर्णन केल्याप्रमाणे गोल आणि सावकाश गिरक्या घेणारा. नालेचा आकार दोघांत स्पष्ट होता. इतके दिवस मी अंदाजाने औषधे टाकत होते आणि कारण मात्र शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसण्याइतके ठळक होते. आता उपचार कसे करावेत?

भिंग

उपचारापूर्वी या जिवाचे चक्र समजून घेतलेत, तर पुढचे दिवस आपण धीराने काढाल. याचे शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिइस, म्हणजे ‘पुष्कळ पोरे असलेली माशाची ऊ’. हे नाव १८७६ साली दिले गेले आणि ते अगदी यथार्थ आहे. आपल्याला ठिपका दिसतो, तेव्हा परजीवी माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली बसून पोसला जात असतो आणि तिथे पाण्यातले औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. पूर्ण पोसला की तो गळून तळाशी जातो, खडीला किंवा पानाला चिकटून स्वतःभोवती कोष करतो, आणि त्या एका कोषात त्याची शेकडो पिल्ले होतात. कोषातही औषध फारसे लागू पडत नाही. कोष फुटून पिल्ले बाहेर पडतात आणि त्यांना साधारण दोन दिवसांच्या आत मासा गाठावा लागतो, नाहीतर ती मरतात. औषधाचा घाव बसतो तो याच पोहत्या पिल्लांवर. म्हणजे आपण दिसणाऱ्या ठिपक्यावर औषध देत नसतो, तर पुढच्या पिढीची वाट अडवत असतो. एकच डोस देऊन भागत नाही, त्याचे कारण हेच.

जुनी टाकी

आता मात्रेचे बोलू. बाटलीवरील मात्रा पाण्याच्या लिटरवर असते, टाकीच्या मापावर नव्हे. आपल्या टाकीचे बाहेरचे माप ८० लिटर भरते, पण तळाशी ५ सेंटिमीटर खडी आणि वरची ३ सेंटिमीटर रिकामी जागा वजा केली, तर खडीच्या फटींतले धरूनही पाणी ६७ लिटरच्या आसपास असावे. ८० लिटरचे औषध टाकले, तर जवळपास पाचवा हिस्सा जास्त पडेल.

फॉर्मालिन व मॅलाकाइट ग्रीन एकत्र असलेले इकचे औषध घ्या. कोरिडोरासना खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्या असतात, आणि ते व निऑन दोघेही या औषधाला नाजूक आहेत, म्हणून मात्रा निम्मी. एक दिवसाआड द्यावी आणि प्रत्येक मात्रेपूर्वी पाव हिस्सा पाणी बदलून खडी सायफनने चांगली ओढून घ्यावी, कारण त्या घाणीबरोबर कोषही बाहेर जातात. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. फॉर्मालिन पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, त्यामुळे हवेचा पंप क्षणभरही बंद पडता कामा नये. बाटलीच्या तळाशी पांढरा साका जमलेला दिसला तर ती वापरू नका, तो साका माशांना अतिशय विषारी असतो. मॅलाकाइट ग्रीन हाताळताना हातमोजे हवेतच. खाण्यासाठी वाढवलेल्या माशांवर त्याच्या वापरास अनेक देशांत बंदी आहे, ती उगाच नव्हे.

तापमान दर काही तासांनी एक अंश अशा गतीने २८ पर्यंत न्या. अमोनिया रोज मोजा आणि तो ०.५ च्या वर गेला, तर त्या दिवशी औषध न देता पाणी बदला.

पाणवनस्पती

टाकीत कोळंबी किंवा गोगलगाय असणाऱ्या वाचकांनी तांबे असलेले औषध टाकीत घालू नये. त्याने गोगलगायी आणि कोळंबी मरतात. अशा वेळी मासे बाहेर काढून टबमध्ये उपचार करावेत आणि टाकी माशांविना ठेवावी. यजमान न मिळाल्याने परजीवी आपोआप संपतात. थंड पाण्यात मात्र त्यांना अधिक आठवडे द्यावे लागतात.

खळाळ (धागाकर्ती)

उपचारांचा सहावा दिवस. तीन मात्रा झाल्या. आज एकाही माशावर ठिपका नाही आणि निऑन पुन्हा थव्याने फिरू लागले आहेत. अमोनिया ०.२५, नायट्राइट शून्य. औषध बंद करू का? निम्म्या मात्रेनेही कोरिडोरास थोडे सुस्त वाटतात.

भिंग

बंद करू नका. सगळे ठिपके एकदम गेले, याचा अर्थ परजीवी मेले असा नसून ते सगळे एकाच सुमारास गळून खडीत कोष करून बसले आहेत, असा असू शकतो. या टप्प्यावर थांबलेल्या टाकीत पाच-सहा दिवसांनी पहिल्यापेक्षा दाट ठिपके उठतात आणि त्या दुसऱ्या लाटेत मासे अधिक मरतात. शेवटचा ठिपका दिसल्यापासून निदान आठवडाभर उपचार चालू ठेवा. सुस्तीसाठी मात्रा आणखी कमी करण्याऐवजी पाणी अधिक बदला आणि हवा वाढवा. श्वास जोरात चालल्याचे दिसले, तर मात्र त्या दिवशीची मात्रा वगळा.

शेवाळ

धागा सुरुवातीपासून वाचला. विषय जवळचा आहे म्हणून विचारतो. माझ्या बेट्टा माशाचे पोट फुगले आहे आणि वरून पाहिल्यास सगळे खवले पाइनच्या फळासारखे उभे राहिलेले दिसतात. चार दिवस त्याने काही खाल्लेले नाही. हे बद्धकोष्ठ असेल का? सोललेला वाटाणा द्यावा का?

जुनी टाकी

खवले उभे राहिले असतील, तर हे बद्धकोष्ठ नव्हे. नुसते पोट फुगले असून खवले चपटे असते, तर उपवासाने फरक पडला असता. उभे खवले म्हणजे मूत्रपिंडे निकामी होऊन शरीरात पाणी साचत असल्याचे लक्षण. त्यामागे बहुधा आतला जिवाणूंचा संसर्ग असतो आणि तोही दीर्घकाळ खराब पाण्यात राहिलेल्या माशाला होतो. मासा वेगळा ठेवा, कमी उंचीचे उबदार, स्वच्छ पाणी द्या, एप्सम सॉल्ट लिटरला एक ग्रॅमच्या आत घाला (साधे मीठ नको, त्याने सूज वाढू शकते), आणि प्रतिजैविकासाठी पशुवैद्यकाला दाखवा. आपल्याला खोटी आशा दाखवणे मला योग्य वाटत नाही. या अवस्थेतून वाचणारे मासे थोडे असतात. तो उलटा पडून तडफडू लागला, तर त्याला शांतपणे निरोप देण्याचा मार्गही पशुवैद्यकाला विचारा. जिवंत मासा संडासात सोडणे किंवा बर्फात टाकणे, हे दोन्ही क्रूर आहे.

शेवाळ

स्पष्ट उत्तराबद्दल आभारी आहे. उद्या सकाळी दाखवायला नेतो.

खळाळ (धागाकर्ती)

धागा सुरू करून आज एकोणिसावा दिवस. शेवटचा ठिपका दिसल्याला बारा दिवस झाले आणि औषध बंद करून पाच. अमोनिया व नायट्राइट सलग चार दिवस शून्य आहेत, नायट्रेट दिसू लागले आहे, म्हणजे फिल्टर बसला असे मी समजते. सहांपैकी तीन मॉली, आठांपैकी सहा निऑन, चारही कोरिडोरास आणि गुरामी असे चौदा मासे वाचले. हॉर्नवर्टही लावली आहे. मुलीने टाकीशेजारी वही ठेवली असून तीत ती रोज तापमान आणि चाचण्यांचे आकडे लिहिते.

दोन शंका उरल्या आहेत. निऑनचा थवा पुरा करायचा असेल तर नवे मासे कधी आणावेत, आणि उपचारात वापरलेली जाळी व टब पुन्हा वापरता येतील का?

भिंग

जाळी आणि टब उन्हात पूर्ण कोरडे करा. इकची कोणतीही अवस्था कोरडेपणात तगत नाही. माशांचा क्षय इतक्या सहज मरत नाही, म्हणून त्याची शंका असलेल्या टाकीची जाळी मी ठेवतच नाही. आपल्याकडे तशी चिन्हे नव्हती.

नवे निऑन आणखी महिनाभर तरी आणू नका, कारण नुकत्या बसलेल्या फिल्टरवर एकदम भार पडू नये. आणाल तेव्हा त्याच टबमध्ये, मोठ्या टाकीत आधीपासून ठेवून मुरवलेल्या लहान स्पंज फिल्टरवर, चार आठवडे वेगळे ठेवा. टबची जाळी टाकीत बुडवू नका आणि रोज आधी टाकीचे, मग टबचे काम करा. निऑनच्या अंगावरची लाल-निळी पट्टी कुठे फिकट पडून मधेच पांढरा डाग दिसला, तर तो इक नसून निऑनचा स्वतंत्र रोग असू शकतो. त्यावर उपाय नाही, असा मासा टाकीत सोडू नये.

खळाळ (धागाकर्ती)

लहान स्पंज फिल्टर आजच मोठ्या टाकीच्या कोपऱ्यात लावून ठेवला.